ट्रेसिंगबाईंचं घड्याळ

१२ फेब्रुवारी

टेबल गेलं.

सकाळी कापड बेतायला घ्यावं म्हणून गेले, तर टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, चारी कोपरे चिकटपट्टीने पक्के. त्यावर दिवा, भिंग, दोन चिमटे, लेकीच्या शाळेतली कंपासपेटी — आणि मधोमध एक घड्याळ. मनगटी. बायकी. कोटाच्या बटणाएवढं.

"पंखा लावू नकोस," हे म्हणाले. "आणि शिंक आली तर आधी सांग."

निवृत्त झाल्यावर दोन-तीन महिन्यांत प्रत्येक पुरुषाला काहीतरी उगवतं, असं शेजारीण म्हणाली होती. तिच्याकडे बासरी उगवली. त्या मानाने मी सुखी. घड्याळ फार आवाज करत नाही. हे तर मुळीच करत नाही — बंद आहे.

१३ फेब्रुवारी

विचारलं, कुणाचं?

"ऑफिसातल्या एकांचं."

एकांचं! जन्मभर नकाशे काढले या माणसाने. रस्ता कुठून निघून कुठे जातो हे लोकांना दाखवायचं, हीच नोकरी. आणि घरात बोलताना बाई की बुवा तेवढं दाखवत नाही.

"एकाचं की एकीचं?"

"अगं, जुनी ओळख. पेन्शनच्या रांगेत भेट झाली."

हे उत्तर नाही. हे वळण आहे.

१६ फेब्रुवारी

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. जमिनीवर बसून कापते. गुडघे जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आज घड्याळाचं मागचं झाकण निघालं. काल दिवसभर निघालं नव्हतं. काल चाकूला धार नव्हती, उजेड नव्हता आणि मी बडबडत होते. आज मी गप्प होते, म्हणून निघालं. मला बघायला बोलावलं. इवली इवली पिवळी चाकं, एकात एक दात रोवून बसलेली. जुनं तेल वाळून डिंकासारखं झालेलं.

"किती सुंदर ना?" हे म्हणाले.

माझं शिवणयंत्र मी दर महिन्याला खोलून पुसते, तेल घालते. त्यात कधी कुणी डोकावून "सुंदर" म्हटलं नाही.

पण होतं खरं सुंदर. इथे लिहिते. बाहेर बोलणार नाही.

२० फेब्रुवारी

एकेक भाग सुटा करायचा, पेट्रोलमध्ये धुवायचा, वाळवायचा आणि मग — त्याचं चित्र काढायचं. शाईच्या पेनाने, क्रमांक घालून, बाजूला बाण. स्क्रूचं चित्र. स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेचं चित्र! लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "आई, बाबांना छंद लागला, चांगलंय ना. बाकीच्यांचे बाबा टीव्हीसमोर घोरतात."

घोरणाऱ्याला टेबल लागत नाही, हे तिला कोण सांगणार?

कागदावरचं घड्याळ मात्र बिनचूक आहे. चौकटीत लावावं असं. टेबलावरचं डबीत आहे, छत्तीस तुकड्यांत.

२१ फेब्रुवारी

"हलू नकोस!"

हातात दुधाचं पातेलं, दाराच्या उंबऱ्यावर एक पाय. तशीच उभी. चिमट्यातून स्प्रिंग उडाली होती. साहेब गुडघ्यांवर, बॅटरी घेऊन, फरशीला गाल लावून. कामवाली आली, तिला दारातूनच परत पाठवलं — झाडायचं नाही! ती माझ्याकडे असं बघत गेली की जणू इथे काही भलतंच घडलंय.

शेवटी मी माझं चुंबक आणलं, टाचण्या गोळा करायचं. टेबलाखालून एकदा फिरवलं. तीन टाचण्या, एक तुटकी सुई आणि टोकाला स्प्रिंग. पापणीच्या केसाएवढी.

वाटलं, आता कौतुक होईल.

"चुंबक! अगं, चुंबक लावलंस तू! घड्याळाला चुंबक म्हणजे विष!"

चहा केला. एकटीपुरता.

२५ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर मी आपलं सहज म्हटलं, तुमचे बंधू एका बाईंचं घड्याळ दुरुस्त करताहेत, ऑफिसातल्या. अंधारात दगड मारला होता. लागला!

"अय्या, ती तर नव्हे? नकाशे ट्रेस करायची ती? उंच, गोरी? अगं, दादाने तिला लग्नाचं विचारायचं म्हणून नवा शर्ट शिवला होता! शर्ट घालून गेला आणि संध्याकाळी तसाच परत आला. तोंडच उघडलं नाही. मग तिची बदली झाली. मग तुझं स्थळ आलं." जरा थांबून — "बोलू नये ते बोलले का गं मी?"

नाही हो वन्सं, म्हटलं. मनावर घेऊ नका.

म्हणजे मी शर्टानंतरची.

२६ फेब्रुवारी

ट्रेसिंगबाई. असं नाव ठेवलंय मी. काही बोलले नाही. जेवताना फक्त म्हटलं, "बायकी घड्याळाला बारीक काम फार, नाही?" म्हणाले, हो ना. घास घेतला. कानाच्या पाळ्या लाल.

एवढ्या वर्षांनी या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होऊ शकतात, ही बातमीच आहे.

५ मार्च

जोडणी चालू आहे. चाकांची टोकं ज्या इवल्या खड्यांवर फिरतात, त्या एकेका खड्याला तेलाचा एकेक थेंब — थेंब कसला, थेंबाची अफवा. तबकडीवर डाग आहे, तो काढायचा नाही म्हणे. "जुन्या वस्तूचं वय दिसलं पाहिजे." हेच महाशय गेल्या महिन्यात मला म्हणाले होते, केसांना काहीतरी लाव.

९ मार्च

आपत्ती.

घड्याळात एक तार असते. केसाहून बारीक, गोल गोल गुंडाळलेली. तिच्या आत-बाहेर होण्यावर सगळं चालतं. ती श्वास, बाकी नुसती हाडं. ती शेवटी बसवायची. बसवताना चिमटा निसटला आणि वेटोळं वाकडं झालं.

मी मशीनवर होते. आरडाओरडा नाही, काही नाही. बराच वेळ शांतता म्हणून वळून बघितलं तर हे हात मांडीवर ठेवून बसलेले. डोळ्याला भिंग तसंच.

"गेलं," म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. फार नाही.

१० मार्च

हे बाजारातल्या घड्याळजीकडे जाऊन आले. तो म्हणाला, ही तार आता मिळत नाही, आणि सरळ करत बसायला माझ्याकडे वेळ नाही. बॅटरीचं घ्या, दहा वर्षं बघायला नको. आल्यावर जेवले नाहीत. डब्या बंद केल्या, दिवा बंद केला. टेबल मोकळं करून देतो म्हणाले, उद्या.

सदतीस वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतं, तर या वयात तारेवर रडायची वेळ आली नसती. — पण मग मी कुठे असते?

११ मार्च

टेबल मोकळं झालं नाही. कारण मी.

हे दुपारी पडले होते. मी आपलं भिंग लावून बघितलं. तारेला गाठ नव्हती. नुसती एका जागी मुरड होती, ओढून शिवलेल्या टाक्याला पडते तशी. आणि अशा मुरडीला ओढायचं नसतं. तिच्या जरा अलीकडे धरायचं आणि पलीकडे नुसतं सुचवायचं. आयुष्यभर तेच तर करतेय मी.

दोन सगळ्यांत बारीक सुया घेतल्या, पेन्सिलींच्या मागच्या रबरात खोचल्या. चुंबकापासून लांब ठेवलेल्या सुया, बरं का!

हे केव्हा मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही. मी म्हटलं, "शिंक आली तर आधी सांगा."

१२ मार्च

आजही तेच. पुन्हा थोडं सुचवलं. जास्त झालं. परत मागे. गणवेशाच्या बाईचा दोनदा फोन येऊन गेला. हे मला चहा आणून देतात, दिवा सरकवून देतात, चित्र समोर धरतात — हा चौदा नंबर, याच्या खाली अठरा. चित्र नसतं तर मला काय कुठे जातं ते काही कळलं नसतं, हे कबूल. पण हात माझे.

१३ मार्च

चाललं!!

तार बसवली, यांनी चावी दोन वेढे फिरवली आणि तारेचं चाक एकदम थरथरलं, आणि मग आत-बाहेर, आत-बाहेर. आम्ही दोघं इतके जवळ वाकलो होतो की कपाळावर कपाळ आपटलं. हे हसले. मी हसले. कुणाचं घड्याळ, काय — त्या घटकेला डोक्यात काही नव्हतं. कानाशी धरलं. एवढासा आवाज. एखादं लहान पोर भरभर काहीतरी सांगतंय असा.

रात्री आठवलं की मी माझ्या हाताने सवतीचं घड्याळ चालू केलंय. सवत म्हणजे — झाली नाही ती. असो.

१९ मार्च

ट्रेसिंगबाई येऊन गेल्या.

हे सकाळपासून तयार. शर्ट इस्त्रीचा. मी इस्त्री केलेला, आणि दोन वर्षांपूर्वी मीच शिवलेला! मी पण बरं नेसले. का, ते विचारू नये.

बाई छान आहेत. उंच, मोकळ्या, बोलक्या. हातात भाजीची पिशवी. दारातच यांना हाक मारली — चुकीच्या आडनावाने.

मला वाटलं, चुकून. पण दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. ते आडनाव यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं. तो बिचारा दोन वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच गेला. हे त्याच्या अंत्ययात्रेला गेले होते. ट्रेसिंगबाईंच्या डोक्यात दोन्ही टेबलांचा एकच माणूस झालेला. "तुमचं अक्षर काय सुंदर होतं!" म्हणाल्या. यांचं अक्षर मला माहीत आहे. मुंगीचे पाय.

मी यांच्याकडे बघितलं. दुरुस्त करतील, आता करतील. नाही! नुसते हसत होते. बशी हातात, कान लाल.

काय राग आला मला त्या बाईचा! ज्या माणसाने तिच्यासाठी शर्ट शिवला, महिना महिना खपला, त्याचं आडनाव लक्षात राहू नये? खरं तर मला आनंद व्हायला हवा. मी आहे की तिच्यावर दात खाऊन!

घड्याळ दिलं. "अय्या, चालू झालं? मी तर टाकूनच देणार होते. म्हटलं, तुम्हाला हौस आहे तर बघा." मनगटावर बांधलं. छान दिसलं, खोटं कशाला बोलू.

"तुम्हीच केलंत सगळं?"

मी बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी. यांनी मला बघितलं. मी दिसत होते त्यांना.

"हो," म्हणाले. "वेळ लागला जरा."

बाई जायला निघाल्या. "किती वाजले बाई!" म्हणून वेळ बघितली — मोबाइलमध्ये.

२० मार्च

बोलत नाही मी.

२२ मार्च

आज स्वतःहून आले. मशीनपाशी स्टूल ओढून बसले. घसा साफ केला.

"तसलं काही नव्हतं गं."

"ठाऊक आहे. शर्टाची गोष्ट वन्संनी सांगितली."

चेहरा असा झाला की दुसरी कुणी असती तर तिला दया आली असती. "मग? मग राग कशाचा?"

खरंच कळलं नव्हतं! या माणसाला वाटतंय मी त्या बाईवर जळतेय. अहो, ती तुम्हाला ओळखत नाही, तिच्यावर काय जळायचं? हे मनात. तोंडाने एवढंच म्हटलं, "विचार करा. नाहीतर चित्र काढून बघा."

 मग उठून गेले.

२७ मार्च

चिमटे, पेट्रोल, भिंग सगळं आवरून कपाटात. टेबल पुसून दिलंय. मी गणवेश कापले. बोलणं चालू आहे, कामापुरतं: मीठ द्या, दार लावा, बिल आलंय. घर कसं शांत. पंखा लावते आता. तरी बरं वाटत नाही.

२ एप्रिल

दुपारी यांचा फोन वाजला. आवाज मोठा ठेवतात, मला सगळं ऐकू येतं. ट्रेसिंगबाई. मैत्रिणीकडे दोन जुनी घड्याळं आहेत, तुम्हीच बघाल का. आणि पुन्हा तेच आडनाव.

हे उठून उभे राहिले. "बाई," म्हणाले, "ज्यांना तुम्ही विचारताय ते वारले, दोन वर्षं झाली. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. आणि तुमचं घड्याळ मी नाही चालू केलं. थांबा, ज्यांनी केलं त्यांना देतो."

फोन माझ्यापुढे धरला. 

मी सुई उशीत खोचली. "बोला," म्हटलं, "काय बिघडलंय?"