अण्णांची गाठ

अण्णा, रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर माझ्या मुलीने तुमची गाठ बांधली. निदान दादा तिला तसं म्हणाला. "ही तुझ्या आजोबांची गाठ. नीट बघ, पुन्हा दाखवणार नाही." मी सुरूच्या सावलीत बसून आमिषासाठी कोळंबीचे तुकडे करत होते. दादाने ती बारीक विणीची दोरी घेतली, टोक दुमडलं, ती दुहेरी दोरी गळाच्या नेढ्यातून काढली, एक सैल गाठ मारली आणि मग अख्खा गळच त्या फाशातून पलीकडे काढला. थुंकी लावली, ओढली. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं आता शोभत नाही असं लोक म्हणतील. म्हणोत. मला राग आला आहे आणि तो तुमचाच आहे.

तुम्हाला शिकवता येत होतं, हे कबूल करते. वाडीमागच्या तळ्याच्या, आपल्या बावखलाच्या काठी, केळीच्या सोपटावर मला बसवून तुम्ही तंगूसची, त्या एकपदरी नायलॉन दोरीची, गाठ शिकवली होतीत. दोरी नेढ्यातून घाल, तिच्याच अंगाभोवती पाच वेढे दे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढ, ओलं कर आणि हळू ओढ. मी घाईने कोरडीच ओढली की तुम्ही टपली मारायचात. "कोरडी ओढलीस तर भाजते ती. दिसत नाय, पन आतून मरते." मग ती दोरी माझ्या बोटाला लावायचात, खरंच गरम लागायची. जाड दोरीला वेढे कमी, बारीक दोरीला जास्त, टोक अगदी मुळाशी कापायचं नाही, हे सगळं मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी येत होतं. पानवेल बांधायला आलेल्या गड्यांना तुम्ही सांगायचात, "हिचा हात हलका हाय." रविवारी स्कूटरवर पुढे मी, मागे दादा, आणि त्याच्या मांडीवर आडवे रॉड. राजोडीच्या वाळूत पाय रोवून उभे राहिलेले तुम्ही मला जगातले सगळ्यात हुशार गृहस्थ वाटायचात. म्हणून तर पुढचं इतकं झोंबलं.

आखातातून आलेल्या तुमच्या मित्राने ती नवी दोरी आणली तो आठवडा आठवतो का? हिरवी, धाग्यांची वेणी घातल्यासारखी, बोटावरून रेशमासारखी सरकणारी. तुम्ही तिला रेशमी म्हणायचात. तुम्ही ती रिळावर भरलीत आणि टोकाला आपली नेहमीची पाच वेढ्यांची गाठ मारून रॉड पडवीत टेकवून ठेवलात. मी पडवीतच होते, कारण माझी पाळी आली होती आणि आपल्या घरी तेव्हा चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती. पाणी नाही, चूल नाही, देव नाही. बसून बसून कंटाळले आणि तुम्हीच लावलेल्या सवयीने गळ खिडकीच्या गजाला अडकवून दोरी ओढून बघितली. गाठ सुटली. तुटली नाही अण्णा, सुटली. वेढे घसरत गेले आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळून हातात आलं. पुन्हा तुमचीच गाठ मारली, पुन्हा घसरली. ही दोरी स्वतःला चावून धरतच नव्हती. मग मला आईचा पोहरा आठवला. विहिरीवर ती दोर दुमडून कडीतून घालायची आणि अख्खा पोहराच त्या फाशातून काढायची, म्हणून तो कधी विहिरीत पडला नाही. मी दोरीला तेच केलं, वर एक गाठ जास्त दिली. गज वाकेल इतकी ओढली. हलली नाही.

संध्याकाळी तुम्हाला उत्साहाने दाखवायला गेले. तुम्ही आधी माझ्या हाताकडे बघितलंत, मग माझ्याकडे, मग आईकडे. "ही बाजूला बसलीय ना? मग दोरीला कशाला शिवली?" मी म्हणाले, "अण्णा, तुमची गाठ या दोरीवर घसरते, एकदा ओढून तरी बघा." तुम्ही ओढून बघितलं नाहीत. खिशातल्या पात्याने माझी गाठ कापलीत, आपली बांधलीत आणि म्हणालात, "तू जल्माला यायच्या आधीपासून मी गळ टाकतो."

दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन तुम्ही राजोडीला गेलात आणि तुमच्या गळाला रावस लागला. दादा सांगतो, लाटेत त्याची पाठ चमकलेली दिसली, एवढा जवळ आला होता. आणि दोरी एकदम हलकी झाली. तुम्ही घरी आलात ते बोलत बोलतच. अंगणात शेजारची काकू उभी होती, आई उभी होती, तरी तुम्ही आवाज खाली केला नाहीत. "हिचा हात लागला, म्हनून गेला. असला मासा जल्मात एकदा लागतो." मग तुम्ही आईकडून गोमूत्र मागवलंत आणि रॉडवर शिंपडलंत. मी पडवीतून बघत होते. रॉडच्या टोकाशी ती दोरी लोंबत होती आणि तिचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथे अंगण मी होते. शिंगाळ्याने चावलेली दोरी कशी कुरतडलेली दिसते, खडकाला घासलेली कशी खरखरीत होते, ओढून तुटलेली कशी असते, हे सगळं मला तुम्हीच शिकवलं होतं. दोरीचं टोक बघून तुम्ही माशाचं नाव सांगायचात. आणि ते गोल टोक तुम्हाला वाचता आलं नाही? आलं होतं. काकूसमोर आपली गाठ सुटली म्हणण्यापेक्षा मुलगी विटाळली म्हणणं तुम्हाला सोपं वाटलं. खापर फोडायला माझं डोकं जवळ होतं. त्यानंतर तुम्ही मला राजोडीला नेलं नाहीत. पाळी गेली, आठवडा गेला, पावसाळा गेला, स्कूटरवर पुढे दादा बसायला लागला. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "मोठी झालीस आता. आईच्या कामाला हात लाव." आई मूग गिळून बसली, तिचाही मला राग आहे. तिचाच पोहरा होता आणि तिला ते कळलं होतं.

पण तेवढ्यावर भागलं असतं तरी मी हे लिहायला बसले नसते. पुढच्याच हिवाळ्यात मी तुम्हाला बावखलापाशी बघितलं. तुम्ही घराकडे पाठ करून बसला होतात आणि मी माजघराच्या खिडकीतून बघत होते. हिरवी दोरी तुम्ही दुमडलीत. गळ फाशातून काढलात. तंगूसला तुमची गाठ आणि रेशमी दोरीला माझी, अशी तुम्ही सरळ वाटणी करून टाकली होतीत आणि मला चकार शब्दाने सांगितलं नव्हतंत. मी वाट बघत राहिले. जेवताना वाटायचं आज बोलतील. तुम्ही आजारी पडलात, मी तुमचे पाय चेपत बसायचे, तेव्हाही वाटायचं. तुम्ही गेलात, पण बोलला नाहीत.

आता मी वालीवच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर वायर आणि पट्टे यंत्रात ओढून बघते. कुठला टिकला आणि कुठला सुटला ते काटा सांगतो, त्याला कोणी हात लावला होता ते तो विचारत नाही. आणि कोणाच्याही परवानगीशिवाय मी रविवारी राजोडीला जाते, महिन्याचे सगळे दिवस.

तर रविवारी "आजोबांची गाठ" ऐकल्यावर मी सुरी खाली ठेवली आणि मुलीला म्हणाले, "ती आजोबांची नाही. ती मी शोधलीय, पडवीत बसून, तुझ्याच वयाची असताना." ती म्हणाली, "मम्मी, सिरियसली?" आणि मामाकडे बघायला लागली. मला वाटलं दादा हसेल, वाद घालेल, मी तयारीतच होते. तो रीळ पुसत राहिला. मग म्हणाला, "हो. तिचीच आहे. मला माहीत आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"अण्णांनीच. मला शिकवली तेव्हाच." मग तो तुमच्यासारखी मान वाकडी करून, तुमच्या आवाजात बोलला. त्याला तुमची नक्कल छान जमते. "गाठ तिची खरी हाय. माझी सुटली. पन तिला सांगू नको, डोक्यावर मिरी वाटील."

अण्णा, तुम्ही हे बोलू शकत होतात. हेच शब्द, याच तोंडाने. बोललात पण दादाशी, आणि त्याच्या तोंडाला कुलूप घातलंत. ती गाठ माझी होती हे तुमच्या लक्षातच राहिलं नसेल अशी एक आशा मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, तीही रविवारी गेली. वाटली असती मिरी मी तुमच्या डोक्यावर. दोन दिवस वाटली असती आणि मग स्कूटरवर पुढे बसून तुमच्याबरोबर समुद्रावर आले असते. किती रविवार होते आपल्याकडे. मी दादावर तिथेच ओरडले, किनाऱ्यावरचे लोक वळून बघायला लागले, मुलगी लाजून पाण्याकडे गेली. तिची गाठ टिकली, एक छोटा शिंगाळा आला, तिने तो सोडून दिला.

हे कोणाला द्यायचं नाही, दादालाही वाचायला देणार नाही. फक्त एक गोष्ट, त्याने तुमच्याकडे चुगली करण्याआधी, मीच सांगून टाकते. निघताना, गाडीत सामान ठेवताना, मी त्याला तुमच्या आवाजातलं ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तो म्हणाला, अजून भांडायचंय का? मी हो म्हणाले. त्याने म्हटलं. मग वसईच्या सिग्नलला मी अजून एकदा म्हणायला लावलं, मिरीचं नको म्हणाले, फक्त आधीचं, आणि तेव्हा मला भांडायचं नव्हतं.