आबांच्या पांढऱ्या पेशी

१२ सप्टें.
आबांचा ताप चौथ्या दिवशीही उतरेना. लिम्फोमाच्या, म्हणजे गाठींच्या कॅन्सरच्या, दुसऱ्या किमोला आज अकरा दिवस. सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वॉर्डातल्या रोजच्या नळ्यांत त्यांची नळी आली. मशीन म्हणालं, पांढऱ्या पेशी तीनशे. माणसाला निदान चार हजार लागतात. विश्वास बसेना, म्हणून स्लाईड केली. अख्खी काच धुंडाळली, चार-दोन दिसल्या. अठरा वर्षं बारामतीत लोकांचं रक्त बघतेय. आज सही करण्याआधी नाव दोनदा वाचलं.

१३ सप्टें.
सीटी झाला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गोळा. कॅन्सरच्या डॉ. मॅडम म्हणाल्या, "बुरशी आहे. घरी काय हाताळलं होतं त्यांनी?"
मला माहीत होतं. किमोनंतर मीच त्यांना चार दिवस गावी, पळसदेवला जाऊ दिलं. म्हशींचा घोर लागला होता. तिथं मुरघासाची, हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याची, बॅग फोडली, वरचा हिरवट बुरसलेला थर हातानं उपसून टाकला. तोंडाला फडकंसुद्धा नाही. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ओरडले, नि परत कामाला लागले.

१४ सप्टें.
बुरशीचं औषध सलाईनमधून सुरू. मॅडमनी समजावलं : औषध बुरशीला रोखेल, पण निपटायला स्वतःच्या पेशी हव्यात. म्हणून पेशी वाढवायचं इंजे., रोज एक, पोटाच्या कातडीत. हाडातल्या मगजाला कामाला लावतं. "सुमन, उपयोग होईलच असं मी लिहून देणार नाही. बुरशीवर याचा पुरावा अर्धामुर्धाच आहे. पण नुसतं बघत बसण्यापेक्षा देऊ."
संमतीच्या कागदावर सही केली.
आबा : "ह्ये आनि कसलं गं?" सांगितलं, पेशी वाढायचं. "म्हंजी उसाला युरिया." हसले. हसता हसता खोकला.

१६ सप्टें.
काउंट दोनशे. आणखी खाली. कंबर, मांड्या ठणकतायत. "सुमे, आतनं कुनीतरी घण घालतंय गं." मॅडम म्हणतात चांगलं लक्षण, मगज जागा होतोय. आबांना कोणत्या तोंडानं सांगू? आई मास्क लावून पाय दाबत बसलेली. दाबलं की जास्त दुखतं, पण नको म्हणत नाहीत. तिच्यासाठी.

१७ सप्टें.
तसंच. लॅबचे सर म्हणाले, घरच्याची स्लाईड तू बघत जाऊ नकोस. बरं म्हटलं. जेवायच्या सुट्टीत बघितली.

१९ सप्टें.
नऊशे!! कोवळ्या पेशी, केंद्र नुसतं वाकलेलं, अजून भाग न पडलेलं. डोळे भरून आले, काचेतलं दिसेना. रिपोर्ट लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला टाईप करायला लावला.

२१ सप्टें.
तीन हजार चारशे. ताप नाही. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. म्हशींची चौकशी केली, कोणती किती देते. आई जिन्यात म्हणाली, "जितलं म्हनायचं का गं आता?"
मी व्हय म्हणाले. लिहून ठेवते, मी व्हय म्हणाले.

२२ सप्टें.
काउंट सहा हजारांवर, इंजे. बंद. दुपारी खोकल्यातून रक्त आलं. वाटीभर. आईचा पदर, चादर, सगळं.
मॅडम : "पेशी परत आल्या की बुरशीवर तुटून पडतात. तिथलं फुप्फुस पोखरलं जातं. शेजारी रक्तवाहिनी असली की असं होतं. हे मी बोलले होते." बोलल्या होत्या? आठवत नाही. कागदावर असेल.
विचारलं, इंजेक्शन दिलंच नसतं तर?
"तर बहुतेक आजपर्यंत राहिले नसते."
बहुतेक.

२३ सप्टें.
रक्त थांबलंय. पुण्याला नेऊन फुप्फुसाचा तेवढा भाग काढायचा, नाहीतर औषधावर ठेवून वाट बघायची. ऑपरेशनच्या टेबलावरही काही होऊ शकतं. आणि बुरशी जाईपर्यंत किमो नाही, म्हणजे कॅन्सरला मोकळं रान.
आबांना सगळं सांगितलं. मी तुम्हाला घरी सोडायलाच नको होतं, तेही.
"बॅग म्यां फोडली. तू फोडलीस व्हय? म्हशी काय उपाशी ठिवायच्या?" मग, "डाक्टरीनबाईचं ऱ्हाऊ दे. तुला काचंत काय दिसतंय?"
"पेशी भरपूर हायत, आबा."
"मंग?"
मी सलाईनचे थेंब मोजायला लागले.

२४ सप्टें.
उद्या सकाळी सातला ॲम्ब्युलन्स. पुण्याचे सर्जन बघून ठरवणार. आबांनी दाढी करून मागितली. वस्तरा नको म्हणून ट्रिमर आणला. गालावरचे पांढरे खुंट काढले, मान वर करायला सांगितली. जबड्याखाली बोटाला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, टणक. गेल्या आठवड्यात नव्हती.
बोट तिथंच थांबलं. आबांनी डोळे उघडले.
"काय गं?"
"काही नाही. हलू नका."
दुसरी बाजू राहिली होती. ती केली.