घाटावर दिलेला शब्द

मी, श्रीमती हेमा श्रीधर कानडे, वय ७६, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या खुर्चीत बसून, मागे कोणीही उभे नसताना लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या बाबतीत मात्र ते नीट वाचावे. कारण गेले आठ महिने माझा मुलगा चि. पुष्कर लोकांना सांगत फिरतो आहे की, "आईचं आता वय झालंय, ती काहीही बोलते." म्हणून मी डॉ. आमोद गद्रे यांच्याकडून स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घेतली. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत जाऊन थांबले आणि विचारले, "आता आवर्तसारणी म्हणून दाखवू का?" ते नको म्हणाले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझी राहती सदनिका दर्यासेवा मंडळ, पुणे या संस्थेला दिली होती. ते मृत्युपत्र मी रद्द करते. वकील म्हणाले, "कारण लिहायची गरज नसते." त्यांना नसेल, मला आहे. सन २०२४ च्या अनंत चतुर्दशीला पुणेकरांनी विश्वासाने आमच्या हाती दिलेल्या गणपतीच्या मूर्ती मंडळाने कोकणात नेऊन वाघवण्याच्या खाडीत ओतल्या. समुद्र स्वच्छ राहावा म्हणून काढलेल्या संस्थेने हे केले. मंडळाचा अध्यक्ष माझा मुलगा आहे. त्याला हे माहीत होते, आणि लोकांना ते सांगायला तो तयार नाही. हे सांगितले जावे, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे भांड्याकुंड्यांची आहेत.

२. मंडळ माझे पती कै. श्रीधर यांनी काढले. बँकेच्या नोकरीत ते काही वर्षे वाघवण्याला होते. तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त येतात हे पाहून त्यांचे जेवणावरचे मन उडाले. पुण्याला परतल्यावर त्यांनी पहिली सभा घेतली. पुण्यात समुद्र कुठे आहे, असे अर्थातच विचारण्यात आले. श्रीधर म्हणाले, "मुठेत टाकलेलं भीमा-कृष्णा करत शेवटी समुद्रातच जातं." त्यावर मागून एक गृहस्थ म्हणाले, "ते बंगालच्या उपसागरात. आपण साफ करायला निघालात कोकणचा किनारा. पत्ता चुकलाय आपला." पुण्यात काही चांगले काम काढायचे तर हे ऐकून घ्यावेच लागते. आम्ही ऐकून घेतले. दर महिन्याला एसटीने वाघवण्याला जाऊन किनारा साफ केला आणि दर अनंत चतुर्दशीला मुठेच्या घाटावर उभे राहून लोकांकडे त्यांचा गणपती मागितला.

गणपती मागणे म्हणजे वर्गणी मागणे नव्हे. ज्याची दहा दिवस आरती केली तो बाप्पा माणूस एका परक्या बाईच्या हातात देतो, तेव्हा तो तिच्या तोंडाकडे बघत असतो. काहींनी मला धर्मबुडवी म्हटले. एका बाईंनी माझ्या अंगावर निर्माल्याची पिशवी रिकामी केली. तरी मी हात जोडून प्रत्येकाला तेच सांगत असे: "प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही हो, तुकडे होऊन पडून राहते. आमच्याकडे द्या. आम्ही हौदात तिचं नीट विसर्जन करू. नदीत टाकणार नाही, समुद्रात टाकणार नाही. हा माझा शब्द." हौदात आम्ही अमोनियम बायकार्बोनेट घालत असू. लोक त्याला खाण्याचा सोडा म्हणत. तो खाण्याचा नव्हे, हेही मी प्रत्येकाला सांगत असे.

माझ्या शाळेत भूगोल शिकवणारी माझी मैत्रीण हमीदा शेख माझ्या शेजारी बसून निर्माल्य वेगळे करायची. ती म्हणायची, "हेमाताई, तुम्ही दर वर्षी एवढ्या लोकांना शब्द देता. एकालाच दिलेला पाळताना माणसाच्या नाकी नऊ येतात." आम्ही तो पाळला. कात्रजला भाड्याच्या जागेत आमचे हौद होते. दिवाळीचा फराळ आम्ही हौदाच्या काठावर बसून खाल्ला आहे, कारण तोपर्यंत काम चालायचे.

३. हौद ढवळण्याचे वल्हे. हे सागवानी वल्हे वाघवण्याच्या कुसुम कोळणीच्या वडिलांनी श्रीधरना दिले होते. त्याला ओल्या प्लास्टरचा वास अजून येतो. ते कुसुमकडे परत जावे. गेल्या ऑक्टोबरात तिचाच फोन आला होता. ती आवाज न चढवता म्हणाली, "बाई, तुमच्याकडले गणपती आमच्या जाळ्यात आलेत. कुणाला हात नाय, कुणाला सोंड नाय. परत टाकू तर कसं टाकू, आणि घरी नेऊ तर कसं नेऊ?"

मी दुसऱ्या दिवशी एसटीने गेले. ओहोटी होती. खाडीच्या तोंडापासून थेट पुळणीपर्यंत मूर्ती पडल्या होत्या, आणि कोळणी त्या उचलून एका होडीच्या आडोशाला मांडून ठेवत होत्या. चपला काढून. माझ्या मुलाने ट्रक उलटा करून ओतलेले देव त्या बायका चपला काढून उचलत होत्या. मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. कुसुमने मला चहा आणून दिला, हे तिचे उपकार.

४. माझी नात चि. ओवी, वय नऊ. तिला माझी पुस्तके, सूक्ष्मदर्शक आणि बाल्कनीतली जास्वंदीची कुंडी द्यावी. कुंडीची हकिगत अशी. त्या वर्षी शाडूची मूर्ती मिळाली नाही म्हणून आमच्या घरीही प्लास्टरचीच आली होती, आणि ओवीने कोणाचे लक्ष नसताना बाप्पाच्या पायाच्या नखांना गुलाबी नेलपॉलिश लावले होते. ती मूर्ती मी स्वतः घाटावर मंडळाच्या ट्रकमध्ये चढवली. ओवीने विचारले, "आजी, नेलपॉलिशपण विरघळेल?" मी म्हटले, "नाही, ते तळाशी राहील, मी तुला आणून दाखवेन." वाघवण्याच्या पुळणीवर मला ती गुलाबी नखे दिसली. एक हात तुटला होता, बाकी बाप्पा शाबूत होता.

तो मी मांडीवर घेऊन एसटीने पुण्याला आणला. कंडक्टर म्हणाला, "काय आजी, गणपती तर गेले ना?" मी म्हटले, "हे परत आलेत." घरी बादलीत, योग्य प्रमाणात रसायन घालून, रोज ढवळून मी तो विरघळवला. मार्च उजाडला नाही. मार्चचा संदर्भ पुढील कलमात येईल. तळाचा गाळ धुऊन कुंडीत घातला आणि गुलाबी पापुद्रे एका डबीत ठेवले आहेत. ते ओवीला दाखवायचे राहिले, कारण त्यानंतर तिला माझ्याकडे पाठवणे बंद झाले. डबी कुंडीसोबत द्यावी.

५. मंडळाचे उपाध्यक्ष श्री. प्रज्ञेश नातू यांना माझे गमबूट. त्यांनी ते एकदा तरी घालून पाहावेत. श्रीधर गेल्यावर पुष्करला अध्यक्ष मीच केले. तो हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, संस्थेला तरुण रक्त हवे, असे मला वाटले. त्याने प्रज्ञेशना आणले. प्रज्ञेशनी टी-शर्ट आणले, वातानुकूलित बस आणली आणि किनारा साफ करणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची प्लास्टिकची बाटली दिली. पुढच्या महिन्यात किनाऱ्यावर गोळा झालेल्या बाटल्यांवर आमच्याच मंडळाचे नाव होते. कात्रजचे हौद महाग पडतात म्हणून बंद केले. वाघवण्याला मंडळाची फुकटची जागा होती, तिथे एक हौद बांधला, त्याचे उद्घाटन केले, फोटो काढले. त्या हौदात आमच्या सोसायटीच्या मूर्तीसुद्धा मावल्या नसत्या. आणि त्या वर्षी शहरभरच्या घाटांवरून ट्रक भरून निघाले.

वाघवण्याहून आल्यावर मी पुष्करला विचारले. तो म्हणाला, "आई, तू नंबर्स बघ ना. एवढ्या मूर्ती विरघळवायच्या तर मार्च उजाडेल. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, खाडी जवळ आहे. आणि लोकांना विसर्जनच हवं असतं ना? झालं की विसर्जन. समुद्रात झालं, म्हणजे उलट बेस्टच."

मी चाळीस वर्षे मुलांचे पेपर तपासले. असे उत्तर एकाही नापास मुलाने लिहिले नव्हते.

मी म्हटले, "मग हेच घाटावर उभा राहून लोकांना सांग." त्यावर कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. संस्थेचे नाव जाईल, देणग्या बंद होतील, भावना दुखावतील, दंगासुद्धा होईल, असे सर्वांनी सांगितले. समुद्राचे नाव कोणी काढले नाही. शेवटी माझ्या प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून मला चिटणीसपदावरून मुक्त करण्यात आले. प्रज्ञेशनी त्याच सभेत मला शाल आणि श्रीफळ दिले. ती आधीच आणून ठेवली होती, म्हणजे निर्णय कधी झाला ते समजावे. नारळ मी आमटीत घातला. शाल गमबुटांत कोंबून ठेवली आहे, ती त्यांच्यासोबतच परत जावी.

६. माझ्या चार पाटल्या सूनबाई सौ. तनया हिला. या प्रकरणानंतर तिने मला एकदाच फोन केला. म्हणाली, "आई, तुमचं बरोबर आहे. पण मला यांच्यासोबत राहायचंय." त्या घरात निदान एक माणूस खरे बोलले.

७. सदनिका. मी ओळखीच्या घरी स्वतः जाऊन झाले ते सांगितले आणि माफी मागितली. काहींनी दार लावून घेतले. बरेच जण समजुतीने हसले, कारण "आईंचं वय झालंय" हा निरोप माझ्याआधी तिथे पोहोचला होता. बुधवार पेठेतले एक वृद्ध दुकानदार तेवढे म्हणाले, "बाई, आम्ही संस्थेला नव्हता दिला. तुम्हाला दिला होता." त्यानंतर मला बरेच दिवस झोप लागली नाही. मला या वयात कोणाची सहानुभूती नको आहे. माझा शब्द मला परत हवा आहे, आणि तो ज्याने घालवला त्यानेच तो आणून द्यावा.

म्हणून ही सदनिका पुष्करला, पुढील अटीवर. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या अनंत चतुर्दशीला, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, ज्या घाटावर मी उभी राहत असे तिथे उभे राहून त्याने ध्वनिवर्धकावरून एवढेच बोलावे: "२०२४ साली तुम्ही आमच्या हाती दिलेल्या मूर्ती आम्ही विरघळवल्या नाहीत. त्या खाडीत ओतल्या. मला ते माहीत होतं. माझी आई खरं बोलत होती." प्रास्ताविक नको, आभारप्रदर्शन नको, टी-शर्ट तर नकोच. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी हमीदा शेख यांना नेमते. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकावे, मग किल्ल्या द्याव्यात. याला कोणी लाच म्हणेल. खुशाल म्हणावे. हिंजवडीत इन्सेंटिव्ह म्हणतात.

तो बोलला नाही, तर सदनिका विकावी आणि सगळे पैसे वाघवण्याच्या कोळणींच्या गटाला द्यावेत. जाळी त्यांची फाटली आहेत, आणि तो किनारा यापुढेही त्याच साफ करणार आहेत. दर्यासेवा मंडळाला काही नाही. श्रीधरचा फोटो मंडळाच्या कार्यालयात आहे, तो तेवढा काढून आणावा.

पुष्कर बोलेल का? मी त्याला जन्म दिला आहे. लहानपणी त्याने बरणी फोडली की तो तासभर माजघरात घुटमळायचा आणि मग आपण होऊन येऊन सांगायचा. तो मुलगा कुठे गेला ते मला कळत नाही. अट त्याच्यासाठी घातली आहे.

८. अंत्यविधी. मला वैकुंठात विद्युतदाहिनीत न्यावे. शेवटचा नमस्कार पुष्करने करावा, कळही त्यानेच दाबावी. तो माझा मुलगा आहे आणि तो हक्क मी काढून घेत नाही. तेराव्याचे जेवण घालू नये. अस्थी पाण्यात सोडू नयेत. सोसायटीच्या आवारात बकुळीच्या मुळाशी खड्डा करून पुराव्यात. हे काम हमीदाने करावे, तिला चालत नसेल तर तिच्या सांगण्यावरून कोणीही करावे. कलश पुष्करच्या हाती देऊ नये. तो "हो आई" म्हणेल, दोन्ही हातांनी घेईल आणि गाडीत ठेवेल. विश्वासाने त्याच्या हाती दिलेले पुढे कुठे जाते, ते मी वाघवण्याला जाऊन पाहून आले आहे.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्यासारखा मला वाटला नाही, म्हणून खाली सही करते. साक्षीदारांनी माझ्या देखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या आहेत.

हेमा श्रीधर कानडे
(सही)

साक्षीदार:
१. डॉ. आमोद गद्रे, कर्वेनगर, पुणे (सही)
२. श्री. उत्तरेश्वर माने, शेजारी, त्याच इमारतीत (सही)

स्थळ: पुणे
दिनांक: १४ जून २०२५