लग्नाची गादी

अब्बा, आज पुन्हा तुमच्यावर चिडून बसले आहे. इतकी वर्षं झाली, तरी तुमचा हट्ट आठवला की डोकं तापतं. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अख्ख्या कामरगावाला सर्दी-तापानं धरलं, तुम्हीही पडलात. तुमची साठी ओलांडलेली, आणि मी धाकटी, माझं लग्न तोंडावर आलेलं. ताप उतरला तसे लगेच नाकाला फडकं बांधून माझ्या गादीचा कापूस पिंजायला बसलात. दोन दिवस पडा ना म्हटलं, तर म्हणे, "ताप गेला ना? मंग काहून मांगं लागून राह्यली? माह्या पोरीची गादी काय दुसरा कोनी पिंजंल?"

आणि तो खोकला! पिंजाऱ्याच्या घरात खोकल्याला कोण विचारतं? बारा महिने रुई उडते, बारा महिने माणूस खोकतो. म्हणून तुम्हाला धाप लागली तरी अम्मी गूळच देत राहिली. घशात रुई गेली की गूळ, हे आपल्याकडचं ठरलेलं औषध. तुम्हीही "रुई हाये, बाकी काई नाई" म्हणत गूळ चघळताय, पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर ठोकताय, मध्येच थांबून बरगडी दाबताय. मी ओरडतेय. ऐकता कुठं! हुडहुडी भरून ताप पुन्हा चढला तेव्हा कुठं एस.टी.त बसलात, तेही गादीला शेवटचा टाका घालून. कारंज्याचा डॉक्टर आमच्यावरच उखडला, "म्हाताऱ्या मानसाले ताप उतरल्यावरच जपा लागते! न्यूमोनिया झाला, छाती भरली. इतके दिवस काय करून राह्यले होते?" काय सांगणार? गूळ खाऊ घालत होतो. तुम्ही परत आलाच नाहीत. गादी तेवढी माझ्याबरोबर सासरी आली. कोणाला हवी होती गादी? मला बाप हवा होता.

आता ती दगड झालीय. गाठी टोचतात, रोज पाठ धरते आणि रोज मी तुम्हाला बोल लावते. मुलगी म्हणते, "फेक तरी, नाही तर पिंजून तरी घे." आज गल्लीत तातीचा आवाज आला, तर मीच त्या पिंजाऱ्याला बोलावलं, चहा पाजला. त्यानं उसवायला हात घातला आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा सामान उचलून निघाला. जाताना खोकत होता. "रुई हाये, बाई," म्हणाला. दवाखान्यात जा आधी, म्हणून त्याच्यावर पुन्हा ओरडले.

हा कागद धाडायचा कुठं? गादीखालीच सारते. पाठ दुखतेच आहे, अब्बा. पण तो शेवटचा टाका तुमच्या हातचा आहे, मला उसववत नाही.