स्वल्पविरामापाशी अडलेली पत्रं

३ जून, मंगळवार
जमलं! लिफ्ट दुरुस्त करणारी आमची कंपनी. तक्रारीचं ईमेल आलं की सर्व्हर आता स्वतःच वरच्या ओळी वाचतो, पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा काढतो, पोच धाडतो. पत्ता सापडला नाही तर पत्र बनावट — थेट कचऱ्यात! नियम माझा. घरी ताईला दाखवला. "छान. आता कांदा चिर."

२० जून, शुक्रवार
तक्रारी निम्म्यावर! साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हा माझ्या देखरेखीचा परिणाम." टाळ्या. मीही वाजवल्या.

२४ जून, मंगळवार
एका निवृत्त मास्तरांचा फोन. "अकरा पत्रं लिहिली, बाई. तिसऱ्या मजल्यावर दार उघडतं, पण आत लिफ्टच नसते!"
मी ठसक्यात म्हटलं, "आमच्याकडे एकही आलेलं नाही."
"मग मी काय हवेत लिहितो?"
कचरा उपसला. अकराच्या अकरा तिथे. मास्तरांनी ईमेलमध्ये पत्त्याआधी नाव लावलंय — "मास्तर, तिसरा मजला". माझा शहाणा नियम स्वल्पविरामापाशीच थांबला. "मास्तर" हाच पत्ता धरला, त्यात @ दिसेना, म्हणून पत्र बनावट! जन्मभर पोरांना विरामचिन्हं शिकवली, त्याचं हे फळ.
अशीच इतरांची आणखी त्रेचाळीस.

२५ जून, बुधवार
नियम सुधारला. मेकॅनिक मास्तरांकडे जाऊन आला. हत्यारांची पिशवी खाली ठेवत म्हणाला, "दारासमोर खुर्ची आडवी टाकलीय त्यांनी. बायकोला नीट दिसत नाही. एकदा तिचा पाय आत गेला होता. हात धरून ओढली."


२७ जून, शुक्रवार
तक्रारी पुन्हा वाढल्या. साहेब तापले. "आधीचा नियम काय वाईट होता? तोच लाव परत."
मी खुर्चीचं सांगितलं.
"मग आहे ना खुर्ची!"
नाही लावला. संध्याकाळी चोपन्नही पत्रं जोडून थेट कंपनीच्या मालकीणबाईंना ईमेल केलं.

३० जून, सोमवार
मालकीणबाईंचं उत्तर नाही. सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. माझं पत्र कचऱ्यात! नियमात एक नवी ओळ — मी न लिहिलेली, शुक्रवारी सकाळी साहेबांशी बोलणं झाल्यावर लगेचची. या पत्त्यावरून मालकीणबाईंना काही गेलं तर टाकून द्या. पत्ता एकच. माझा.
चोपन्न पत्रं छापून पिशवीत भरलीत. मालकीणबाईंचं घर पायी वीस मिनिटं. निघते.