पुराची पाटी

३ मार्च
नगरपालिकेने नदीकाठच्या नव्या रस्त्यासाठी पाच पाट्या लिहायला दिल्यात. शहराचा इतिहास, बंद पडलेली कापडगिरणी, चाळीस वर्षांपूर्वीचा पूर, पक्षी, आणि होड्या भाड्याने मिळायच्या वेळा. साहेब म्हणाले, "गोड लिहा. लोक फिरायला येणार आहेत." पुराचं गोड कसं लिहायचं?

६ मार्च
गिरणीतल्या एका जुन्या कामगार बाईंकडे गेले. सगळे त्यांना धागामावशी म्हणतात. पुराच्या दिवशी त्या आजारी आईकडे माहेरी गेल्या होत्या. इकडे वस्तीत नवरा आणि चार वर्षांची लेक पुरात गेली.
"पाणी चढलं नाही गं. सोडलं. गिरणी वाचवायला बंधाऱ्याचं वस्तीकडचं दार उघडलं."
मी मान खाली घालून लिहीत राहिले. बंधाऱ्यावर तेव्हा माझे बाबा कामाला होते. सांगायची छाती झाली नाही.

७ मार्च
बाबांना विचारलं. दाढी करत होते. वस्तरा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.
"गिरणीच्या मॅनेजरचा निरोप आला, दार उघड. मी म्हटलं, खाली वस्ती आहे. म्हणाले, रिकामी केलीय."
"तुम्ही बघून आलात?"
"दोनशे पावलांवर होती. नाही गेलो."

८ मार्च
घरात दोघंच. बाबांनी आज दाढी केली नाही.

१२ मार्च
पाटीवर खरं ते लिहिलं. साहेबांनी काट मारली. "मढी उकरून काय मिळणार? होड्या चालल्या तर दोनशे घरांत चूल पेटेल." तेही खोटं नाही — गिरणी गेल्यापासून शहराला दुसरं आहे काय! आता एवढंच उरलंय : 'नदीला मोठा पूर आला.' लिहिणारी मीच.

१३ मार्च
बाबांना ती ओळ वाचून दाखवली. उठले, चपला घातल्या.
"त्या बाईंचं घर दाखव."

१४ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही. बाबांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं, मावशी शिव्या देतील, हाकलतील. त्यांनी एकच विचारलं, "किती वाजता उघडलंत?"
"संध्याकाळी साडेपाचला."
त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.
"मला सगळ्यांनी दुपारचं सांगितलं. तो रात्रपाळी करून यायचा, दुपारी लेकीला कुशीत घेऊन झोपायचा. झोपेतच गेली म्हणाले. त्यावरच काढले एवढे दिवस."
मग दाराबाहेर बघत —
"साडेपाचला ती अंगणात खेळत असायची."