लाल रेघेखालचा चार

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण परवाच्या बैठकीत मी तुमच्याविषयी बोलले आणि तुम्ही माझे वडील होतात, एवढं मात्र सांगितलं नाही. पॅलिएटिव्ह केअर सुधारण्यासाठी राज्याने एक सल्लागार परिषद नेमली आहे. नाशिकमध्ये परिचारिकांना शिकवणारी म्हणून मी तिची सदस्य आहे. या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याचा मोह मला अजूनही आवरत नाही. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही माणसाचं दुखणं, त्याला लागणारा दम, त्याची भीती यांवर करण्यासारखं पुष्कळ उरतं, आणि ते नेटाने करत राहणं म्हणजे ही सेवा. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो आणि मुली एकमेकींकडे पाहून हसतात. तुम्हीही हसायचात.

तुमचं दुखणं हाडांत उतरल्यावर मी सिडकोतल्या आपल्या घरी तुमच्यासाठी एक तक्ता केला होता. रोज सकाळी तुम्ही शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. पाचाच्या वर मी पट्टीने लाल रेघ मारली आणि तुम्हाला नीट समजावलं, की आकडा रेघेच्या वर गेला की मी डॉक्टरांना विचारून मॉर्फिन वाढवून घेईन. तुम्ही चष्मा लावून तक्ता खालीवर पाहिलात. "फॉरमॅट चांगला आहे. इन्स्पेक्टर कोण, तू का मी?" मी म्हटलं, "तुम्हीच." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही लिहू लागलात. चार. चार. चार. मी आले की उशीखालून कागद काढून म्हणायचात, "घ्या मॅडम, रिपोर्ट."

त्या दिवसांतली एक सकाळ आठवते, आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे. माझ्याकडे न पाहता ती म्हणते, "त्या कागदावर जाऊ नको गं. कूस बदलताना खाटेचा दांडा कसा धरतात ते बघ. लय दुखतंय त्यांना, सांगत नाय." आणि मी, जिने वणीकडून आलेल्या या बाईला आयुष्यभर काही ना काही समजावून सांगितलं, तिला तिथेच ओट्याशी उभी राहून धडा देते, की वेदना मोजण्याचं यंत्र नसतं, रुग्ण सांगेल तीच वेदना खरी, बघणाऱ्याने आपला अंदाज त्यावर लादू नये. आई भाकरी उलटते. "बरं बाई. तू शिकलेली," एवढंच म्हणते.

वाक्य बरोबर होतं, अण्णा. आजही मी ते शिकवते. पण सांगणारा ज्याला सांगतो, त्याच्यासाठी सांगतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

रोज चारच का, ते तुमच्या दहाव्यानंतर आईने सांगितलं. तक्ता घडी करताना ती म्हणाली, "म्हणायचे, रेघेच्या वर गेलं की पोरीचं काम रिजेक्ट." आणि मला अंबडच्या तुमच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवली, जेव्हा यंत्रांच्या पूजेसाठी कामगारांच्या घरच्यांना कंपनीत येऊ देत. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, आणि तुम्ही माझ्या हातात माप तपासायचं गेज देऊन दाखवता आहात, की जॉब, म्हणजे यंत्रावर तयार झालेला भाग, मापात बसला की पुढे जातो, मापाबाहेर गेला की त्या लाल डब्यात. "लाल डबा भरला की मान खाली," म्हणाला होतात. सगळी नोकरी अंतिम तपासणीत काढलेल्या माणसासमोर मी लाल रेघ मारली, आणि तो तिच्या वर जाण्याची वाट पाहत बसले.

परवा परिषदेत घरी जाऊन सेवा देणाऱ्या परिचारिकांसाठी तक्त्याचा मसुदा आला. पाचावर तशीच लाल रेघ. मी म्हटलं, रेघ काढा. आकड्याशेजारी दोन प्रश्न घाला, आज काय करता आलं नाही, आणि घरच्यांना काय दिसतं. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, आधार काय?" मी म्हणाले, "माझ्या पाहण्यातला एक रुग्ण." "त्यांचा तक्ता आहे? असेल तर पुढच्या बैठकीत ठेवा, म्हणजे ठरवता येईल." मी "बघते" म्हटलं. तो तक्ता माझ्या कपाटात, आईच्या फोटोमागे आहे.

तो ठेवला तर रेघ जाईल, असं वाटतं. पण मग कुणीतरी तो माझ्याइतक्याच बारकाईने वाचेल, आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबेल. तुमचा इंग्रजी चार वरून उघडा असायचा, कंपनीच्या कागदांवर लिहायचात तसा. शेवटच्या दिवशीचा चार वरून मिटलेला आहे. त्या सकाळी पेन्सिल तुमच्या बोटांत राहत नव्हती, तुम्ही दांडा धरून भिंतीकडे पाहत होतात, आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून तो मी भरला. तुम्हाला न विचारता.